फाउलर बेडवर चादर टिकतच नाही, डोक्याकडनं रोज सुटते. काय करावं?

शाहूपुरीची_सून (सातारा)

नमस्कार मंडळी. सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, डावी बाजू अजून साथ देत नाही. बोलणं मात्र ठणठणीत आहे आणि सध्या त्यातलं निम्मं चादरीवरच चाललेलं असतं. हॉस्पिटलमधून घरी आणताना सर्जिकलच्या दुकानातनं दोन हँडलवाला फाउलर बेड भाड्याने घेतला, एक हँडल पाठीला आणि एक गुडघ्याला. बेड चांगलाय, तक्रार नाही. पण जेवायला म्हणून पाठ वर केली की डोक्याकडचे दोन्ही कोपरे सुटतात आणि परत खाली आणलं की सगळी चादर कमरेखाली गोळा होऊन बसलेली. मग आप्पांना कुशीवर वळवा, चादर ओढा, खोचा, की तासाभरात पुन्हा तेच. माझे हात भरून आलेत आणि त्यांची चिडचिड वेगळीच.

घरातल्या साध्या सिंगल चादरी वापरून झाल्या. ऑनलाइन इलॅस्टिकवाली मागवली, ती बसते पण पाठ वर केली की टप्पकन निघते. ह्यांनी चादरीला नाड्या लावून बेडच्या लोखंडी दांड्याला बांधल्या होत्या, हँडल फिरवल्याबरोबर टर्र. गादीवर निळं रेक्झिन आहे, त्यावरनं चादर घसरते आणि वर घामही येतो.

चादर कुठल्या मापाची घ्यायची, कापड कुठलं, रेडिमेड की शिवून घ्यायची, आणि बसवायची नेमकी कशी, ज्यांनी घरी पेशंट सांभाळलाय त्यांनी सांगा प्लीज.


कृष्णाकाठ (सांगली)

ताई, आमच्याकडे मोटरवाला बेड आहे, रिमोटचा. पेशंट कुणी नाही, माझी पाठ आणि मिसेसची ॲसिडिटी. त्यामुळे माझा अनुभव थोडा वेगळा आहे पण चादरीचा वैताग सेम. आमच्या गादीची जाडी ८ इंच, आणि दुकानातली फिटेड चादर बहुतेक ५-६ इंची गादी डोक्यात धरून शिवलेली असते. सपाट असताना ती कशीबशी कडेला धरून बसते आणि गादी वाकली की सुटलीच. त्यामुळे लांबी-रुंदीच्या आधी जाडी मोजा. चादरीचा खिसा गादीच्या जाडीपेक्षा किमान ३-४ इंच जास्त खोल पाहिजे, आणि इलॅस्टिक नुसतं कोपऱ्यात नको, चारी बाजूंनी फिरलेलं पाहिजे.

आणि डबल बेड घेणाऱ्या कुणी हे वाचत असेल तर, दोन बाजू वेगवेगळ्या वर होणारा बेड असला की दोन सिंगल गाद्या आणि दोन सिंगल चादरीच लागतात. एकच मोठी चादर टाकली की एकाने पाठ वर केली की दुसऱ्याच्या अंगाखालची चादर उठते. आमच्याकडे यावरून रात्री अकराला भांडण झालेलं आहे, जास्त सांगत नाही.


तात्या_वाईकर

एवढं कशाला करत बसता, खाली एक जाड वाकळ टाका, तिच्यावर चादर. वाकळ रेक्झिनवरनं हलत नाही आणि मऊपण लागतं. आमच्या आईला दोन वर्षं अशीच सांभाळली. रोज पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची, पाठ चांगली राहती.


मिरजेच्या_सिस्टर

तात्या, तुमच्या सेवेबद्दल आदर आहे, पण वाकळ पेशंटच्या अंगाखाली नको. वाकळीला ठिगळं असतात, धावदोऱ्याच्या रांगा असतात, चालत्या-फिरत्या माणसाला ते जाणवतही नाही. पण जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याच्या माकडहाडाखाली तीच घडी तासन् तास रुतते आणि तिथूनच बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, सुरू होतो. वाकळ पांघरायला द्या की, कोण नको म्हणतंय. सोलापुरी चादरीचंही तसंच, पांघरायला एक नंबर, अंगाखाली जाड आणि खरखरीत.

आणि स्पिरिट चोळणं आता बंद झालंय, कातडी कोरडी पडते. हाडावरची जागा लाल झाली असेल तर तिथे चोळायचं तर अजिबात नाही, आतलं दुखावतं. लाल जागेवर बोट दाबून सोडा. क्षणभर पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक, पांढरं होतच नसेल तर ती बेडसोअरची सुरुवात समजायची, त्या बाजूवर भार बंद करायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं. डावी बाजू गेलेल्या पेशंटला त्या बाजूचं दुखणं कळतही नाही कधीकधी, म्हणून आंघोळ घालताना, पुसताना पाठ, माकडहाड, टाचा, खुबे डोळ्यांनी बघायचे. शुद्धीवरचं माणूस दुखलं तर सांगेलच असं धरून चालू नका.

आता सूनबाई तुमच्या चादरीचं. कोपरे सुटतात ते चादर वाईट आहे म्हणून नव्हे, आप्पा खाली घसरतात म्हणून. पाठ उभी केली की अंगाचा सगळा भार खाली पायाकडे जातो, अंग घसरतं आणि चादर अंगाला चिकटून सोबत ओढली जाते. कातडी चादरीला धरून राहते आणि आतलं हाड खाली सरकतं, ही ओढ दाबापेक्षा वाईट. म्हणून आधी गुडघ्याचं हँडल फिरवा, गुडघे थोडे वर आले की मग पाठीचं. खाली आणताना उलटं, आधी पाठ आणि मग गुडघे. एवढ्यानेच निम्मा त्रास कमी होईल बघा. आणि कमरेचा बेडच्या वाकण्याशी मेळ पाहिजे. पेशंट आधीच पायाकडे सरकलेला असताना पाठ वर केली तर कंबर न वाकता छाती वाकते, श्वासही नीट घेता येत नाही आणि मग तो हमखास अजून खाली येतो. आधी वर ओढून घ्या, मग हँडलला हात.

जेवताना नीट बसतं करायचंच, पडल्यापडल्या घास देऊ नका, झटक्याच्या पेशंटला ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. जेवण झाल्यावरही अर्धा-पाऊण तास पाठ वर असू दे. पण तो वेळ झाला की पाठ खाली आणा, ३० अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी. टीव्ही बघायला म्हणून दुपारभर ताठ बसवून ठेवतात लोक, तिथेच माकडहाड जातं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर अर्थात त्यांचं ऐका.


शाहूपुरीची_सून

सिस्टर खूप खूप आभार, गुडघ्याचं हँडल आधी हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, दुकानातला माणूस बेड जोडून देऊन गेला फक्त. आजच दुपारी करून बघितलं, आप्पा खरंच कमी घसरले आणि "हां, आता बसल्यासारखं वाटतंय" म्हणाले, ही मोठी पावती आहे आमच्याकडे.

वर ओढून घ्यायचं कसं पण? मी आणि हे दोघं काखेत हात घालून ओढतो, त्यांचा डावा खांदा दुखतो.


मिरजेच्या_सिस्टर

काखेतनं कधीच ओढायचं नाही! झटक्यानंतर त्या बाजूचा खांदा सैल पडलेला असतो, ओढला की सांध्यातनं उतरतो. त्यासाठीच आडवी चादर असते, हॉस्पिटलमध्ये ड्रॉ शीट म्हणतात ती. मोठ्या चादरीवर पाठीपासून मांडीपर्यंत येईल अशी एक चादर आडवी टाकायची, दोन्ही बाजूंना भरपूर कापड सोडायचं आणि ते गादीखाली खोचायचं. वर घ्यायचं असेल तेव्हा बेड सपाट करा, चाकांचे ब्रेक लावलेत ना बघा, दोघं दोन बाजूंना उभे राहा, आडव्या चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून मुठीत धरा आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम वर सरकवा. आप्पांना उजवा पाय दुमडून टाच रोवायला सांगा, तेवढी मदत ते करतील आणि त्यांनाही बरं वाटेल. फरफटत न्यायचं नाही, किंचित उचलून न्यायचं.

ओलं झालं तरी नुसती आडवी चादर बदलली की काम भागतं, मोठी चादर रोज काढायला नको. तिच्याखाली रबरी शीट टाकायची असेल तर तेवढ्याच भागात टाका, सगळ्या गादीवर नको, घाम येतो. आणि जास्त थर करू नका. मोठी चादर, रबरी, आडवी, त्यावर अंडरपॅड, त्यावर डायपर असं लोणच्याच्या बरणीवर फडकी बांधल्यासारखं करून ठेवतात, मग गादी कितीही भारी असली तरी उपयोग नाही तिचा.

आडव्या चादरीला जुनी सुती नऊवारी सगळ्यात छान. धुऊन धुऊन मऊ झालेली असते, काठ कापून टाका म्हणजे रुतणार नाहीत, आणि दुहेरी घडी करून वापरा.


विट्याचा_शिंपी

सगळं वाचलं. सिस्टरनी पेशंटचं सांगितलं, आता कापडाचं माझ्याकडनं ऐका, धंदाच आहे. ताई आधी गादीचं माप द्या. नुसतं सिंगल म्हणू नका, सिंगल म्हणजे घरातल्या दिवाणाची ७२ बाय ३६ आणि हॉस्पिटलची गादी बहुतेक वेळा त्याहून लांब असते. टेप लावून लांबी, रुंदी आणि जाडी, तिन्ही.


शाहूपुरीची_सून

दादा आत्ताच मोजली. लांबी ७८ इंच, रुंदी ३६, जाडी ५. गादी एकसंध नाहीये, चार तुकडे आहेत, एकाच रेक्झिनच्या कव्हरमध्ये शिवलेले, वाकायला सोपं जावं म्हणून असेल.


विट्याचा_शिंपी

हां, मग सापडलं बघा दुखणं कुठाय ते. बाजारातली सिंगल चादर ६० बाय ९० इंच. तुमची गादी ७८, दोन्ही टोकांची जाडी ५ अधिक ५, झाले ८८. राहिले किती, दोन इंच! म्हणजे डोक्याकडे एक इंच आणि पायाकडे एक इंच खोचणार तुम्ही, ते कसलं टिकतंय. आणि ऑनलाइनवाली फिटेड बहुतेक ७२ लांबीची आली असणार, ती ताणून बसवली की सपाट असताना दिसायला झकास दिसती, पाठ वर केली की सुटली.

तुम्हाला गादीखाली निदान ६ इंच कापड जायला पाहिजे दोन्हीकडे. म्हणजे ७८ अधिक १० अधिक १२, झाले १००, नेफ्याला एकेक इंच धरा, १०२ इंच लांबी. रुंदीला ३६ अधिक १० अधिक १२ अधिक २, म्हणजे ६०. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून पावणेतीन मीटर घ्या आणि पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ६३ मिळाला तर ६३चाच घ्या. छत्तीस पन्ह्याचं दोन पाट जोडून शिवायचं अजिबात नाही, मधली शिलाई बरोबर पाठीखाली येती. कापड आणल्यावर आधी रात्रभर पाण्यात टाका, खळ काढून धुवा, वाळवा, मग कात्री लावा. न धुता शिवलेली चादर पहिल्या धुण्यात आखडती आणि गादीचे कोपरे वर ओढून धरती.

कापड म्हणाल तर साधं सुती, सरळ विणीचं. इचलकरंजीचं किंवा आमच्या विट्याचं पॉवरलूमचं शीटिंग घ्या, परवडतं आणि टिकतं. साटीनची चकचकीत चादर नको, त्यावर माणूस घसरतो. पॉलिस्टर मिक्स लवकर वाळतं हे खरं, पण घाम शोषत नाही. दोसुती चांगली पण जाड आणि वाळायला वेळ. मांजरपाट स्वस्त, पण मऊ व्हायला बरेच धुणे खातो, तोवर पेशंटला टोचतो.

आता शिवायचं कसं. चारी कोपरे बंद करून चारी बाजूंनी इलॅस्टिक हा एक प्रकार, तो सगळे सांगतील. मी वाकणाऱ्या बेडला तसं शिवत नाही. डोक्याकडचे दोनच कोपरे बंद करतो आणि पायाकडचं टोक सपाट सोडतो, तिकडे खोचायला उलट जास्त कापड, १०-१२ इंच. कारण गादी वाकती तेव्हा वरच्या बाजूला कापड जास्त होतं, कुठून तरी ते बाहेर निघायला जागा लागती, चारी कोपऱ्यांनी आवळलं तर ते कमरेतच गोळा होणार. डोक्याकडनं घट्ट, पायाकडनं थोडं सैल, की फरक पायाकडे निघून जातो आणि पायाकडनं हाताने ओढून परत खोचला की काम झालं. असं शिवायचं तर लांबीला अजून ५-६ इंच वाढवा, तीन मीटर कापड लागेल.

कोपरा शिवताना डोक्याकडच्या दोन्ही टोकांतनं साडेअकरा इंचाचा चौकोन कापायचा आणि कापलेल्या दोन कडा एकमेकीला जोडायच्या, अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत जाणारं कापड. शिलाईचा जोड गादीच्या उभ्या बाजूला येतो, वर येत नाही. नेफा फक्त डोक्याच्या बाजूला आणि दोन्ही कुशींना गादीच्या निम्म्यापर्यंत, इलॅस्टिक अर्धा इंची चालेल.

आणि ती दांड्याला नाडी बांधायची आयडिया सोडा. बेडची फळी हलती, दांडा जागेवर, मधल्या मध्ये कापड फाटणार नाहीतर हँडलच्या स्क्रूत गुंतणार. चादर गादीला धरून पाहिजे, बेडला नको.


कृष्णाकाठ

शिंपीदादा भारी. पण पायाकडनं सपाट ठेवली तर रोज खोचायचं काम आलंच की. मी चादरीचे क्लिपवाले पट्टे वापरतो, गादीखालनं तिरके जातात आणि दोन कोपरे धरून ठेवतात. आमच्या गादीला तरी चालतात.


मिरजेच्या_सिस्टर

तुमच्या गादीला चालतील, तुम्ही रात्री उठून पाणी प्यायला जाता. पेशंटच्या बेडला क्लिपा गादीच्या खालच्या बाजूलाच राहतील याची खात्री असेल तरच लावा. कडेवर आली आणि हात किंवा टाच त्यावर गेली तर जखम. सेफ्टी पिना तर नकोतच. मला शिंप्याचं पटतंय. पायाकडचे कोपरे आम्ही हॉस्पिटलात करतो तसे तिरके दुमडून खोचा. पायाकडचं टोक गादीखाली घ्यायचं, मग कडेपासून वीतभर आतलं कापड उचलून गादीवर तिरकं टाकायचं, खाली लोंबतं ते खोचायचं, मग वरचं तिरकं खाली आणून तेही खोचायचं. पाकिटासारखा कोपरा तयार होतो आणि इलॅस्टिकशिवाय दिवसभर टिकतो. बोटांवरनं चादर आवळून टाकू नका फक्त, पावलं खाली दाबली जातात.

आणि चादर बसवताना बेड सपाट ठेवून बसवा, पण झाल्यावर गुडघे, पाठ वर करून एकदा बघा आणि त्या स्थितीत कमरेखालून हात फिरवून सुरकुत्या पायाकडे ओढून घ्या. आप्पा बेडवर असतानाच बदलायची असेल तर त्यांना कुशीवर घ्या, एकाने धरून ठेवायचं, जुनी चादर लांबीतून गुंडाळत पाठीपर्यंत आणायची, नवी निम्मी टाकून तिचाही गुंडाळा शेजारी, मग त्या उंचवट्यावरून हळूच दुसऱ्या कुशीवर आणि दुसऱ्या बाजूने दोन्ही ओढून घ्यायच्या. डाव्या कुशीवर घेताना डावा हात अंगाखाली सापडला नाही ना बघा.


पाटण_खोरे

मध्येच विचारतो, आमच्याकडे त्यावर हवेची गादी आहे, बबलवाली, पंप पायाकडे अडकवलेला. तिच्यावर पण अशीच खोल खिशाची टाइट चादर चालेल का?


मिरजेच्या_सिस्टर

नाही. हवेच्या गादीवर चादर सैलच पाहिजे. ती गादी आळीपाळीने फुगते आणि बसते, तिच्यावर चादर ताणून बसवली की माणूस झोळीत टांगल्यासारखा त्या चादरीवरच राहतो आणि खालचं फुगणं-बसणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हवेची गादी साध्या गादीवर ठेवायची, तिच्यावर एकच पातळ सुती चादर सैलसर खोचायची, पंपाच्या नळ्या दुमडल्या जाणार नाहीत हे बघायचं, आणि पिन, क्लिप काही नाही. आणि हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायचं बंद करू नका, साधारण दर दोन तासांनी ते करायचंच.


तात्या_वाईकर

सिस्टर, वाकळीचं कळलं. पण मग रेक्झिनवरनं घसरायचं काय करायचं, ते ताईंनी विचारलेलं राहिलंच की.


विट्याचा_शिंपी

तात्या बरोबर पकडलंत. रेक्झिनवर एक पातळ सुती गवसणी शिवून घ्यायची, उशीच्या अभ्र्यासारखी, पायाकडच्या टोकाला नाड्या. ती पूर्ण गादीला घातली की वरची चादर सुतावर सुत धरून राहती. भाड्याची गादी असली तरी गवसणीने काही बिघडत नाही, परत देताना काढून घ्यायची. ओलं होत असेल तर रबरी शीट गवसणीच्या वर, म्हणजे गवसणी रोज धुवायला नको.


शाहूपुरीची_सून

किती छान सांगताय सगळे. उद्या हे बाजारात जाणार आहेत, तिथे ६३ पन्हा नाही मिळाला आणि ६०च मिळाला तर चालेल का? आणि किती शिवू? पावसाळा तोंडावर आहे, आमच्याकडे एकदा लागला की आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत.


विट्याचा_शिंपी

६० चालेल, आटून ५७-५८ होईल, कुशीला खोचायला ६च्या जागी पाच इंच मिळेल, बास आहे. मोठ्या चादरी तीन शिवा, एक अंगाखाली, एक धुण्यात, एक घडीची. पावसाचं म्हणाल तर पैसे मोठ्या चादरींत घालू नका, आडव्या चादरी सात-आठ करा, ओल्या त्याच होतात. त्या पंख्याखाली दोरीवर रात्रीत वाळतात. सिस्टर, डागांचं तुम्ही सांगा.


मिरजेच्या_सिस्टर

आधी गार पाणी. रक्त, संडास यांच्या डागावर पहिलंच गरम पाणी ओतलं की डाग पक्का बसतो. गार पाण्यात खळबळून मग गरम पाणी आणि साबण. भरपूर पाण्यात साबण काढा, राहिलेल्या साबणाने कातडी खाजते. फॅब्रिक सॉफ्टनर आडव्या चादरीला नको, कापड पाणी शोषेनासं होतं. आणि अर्धवट ओली चादर इस्त्री फिरवून घालू नका, घाईत पावसाळ्यात सगळे तेच करतात, दमट चादरीवर कातडी लवकर सोलवटते.


शाहूपुरीची_सून

लिहून घेतलं सगळं. आप्पांना वाचून दाखवलं तर म्हणतात पांढरी नको, हॉस्पिटलसारखं वाटतं, चौकड्याची आणा.


विट्याचा_शिंपी

चौकडा आणा की, फिका रंग असला म्हणजे झालं, ओलं झालेलं आणि रक्ताचा ठिपका दिसायला पाहिजे. गडद निळा-मरून घेऊ नका. आणि शिवून झाली की डोक्याकडच्या नेफ्यावर लाल दोऱ्याची एक ठळक टीप मारून घ्या, नाहीतर घाईत चादर उलटी पडती आणि सपाट टोक डोक्याकडे जातं.